कातडं भरून येतं

“गरम पाण्याची पिशवी कोणी भरली होती, तेवढंच सांग,” नणंद म्हणाली.

दवाखान्यातली ड्रेसिंगची खोली म्हणजे एक पलंग, एक चाकांची ट्रॉली, हात धुवायचं बेसिन आणि अर्ध्यापर्यंत पांढरा रंग फासलेली खिडकी. त्यात माणसं पाच. पलंगावर सासू, तिच्या पायाशी नर्स, खिडकीजवळ त्वचेच्या डॉक्टरबाई, दारात नणंद, आणि सासूचे गुडघे दोन्ही हातांनी धरून उभी असलेली सून. नर्सने मांड्यांवरचं कापड पाण्याने भिजवून नुकतंच सोडवलं होतं. खाली दोन्ही मांड्यांच्या आतल्या अंगाला तळहाताएवढे काळे डाग होते, वाळलेल्या चामड्यासारखे कडक. त्यांच्या कडेने जांभळी जाळी पसरली होती. नणंद कालच गावाहून आली होती. तिने हे आज पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हापासून नाकावरचा रुमाल काही काढला नव्हता.

“मीच भरली,” सून म्हणाली. “आईंच्या मांड्या ठणकत होत्या. त्यांनीच मागितली. दोन टॉवेल गुंडाळून दिली.”

“एक,” सासू पलंगावरून म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. “एकच टॉवेल होता. तोही विरलेला.”

सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. टॉवेल दोन होते. जाडजूड, नवे, आणि पिशवी देण्याआधी तिने ती मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिली होती, जशी ती रोज शंभरदा इस्त्रीचा ताव पाहते. पण हातात म्हातारीचे गुडघे होते. ते सोडले असते तर नर्सला काम करता आलं नसतं. तिने ते तसेच धरून ठेवले.

“ऐकलंत ना डॉक्टर?” नणंद म्हणाली. “भाजलंय माझ्या आईला. इस्त्रीवालीच आहे ही, हिला चटक्याचं काय.”

“आपण बाहेर बोलू,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाहेर पॅसेजमध्ये नवरा बाकावर बसला होता. गोदामात पहारा करायची नोकरी, त्यामुळे बसून राहण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिघंही जमल्यावर डॉक्टरबाईंनी सावकाश सांगितलं. हे भाजल्याचं नाही. किडन्या निकामी होऊन बरीच वर्षं डायलिसिसवर असलेल्या माणसांना हे होतं, तेही फार थोड्यांना. कातड्याखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठतं. वाहिन्या बुजतात. रक्त पोचत नाही आणि कातडं जागच्या जागी मरतं. त्याला त्यांनी एक लांबलचक नाव सांगितलं. ते तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

“दुखणं आधी सुरू होतं, डाग मागून येतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्यांनी पिशवी मागितली ती दुखत होतं म्हणून. तेव्हाच आत हे चालू होतं. आता पोटावरही एक डाग उमटतोय, तिथे कुठे पिशवी ठेवली होती?”

“सरकली असेल,” नणंद म्हणाली.

सुनेला मात्र सगळं चटकन कळलं. वाफेच्या इस्त्रीत नळाचं जड पाणी घातलं की बुडाच्या भोकांत चुना धरतो. मग एकेक भोक बंद होतं आणि वाफ यायची थांबते. म्हातारीच्या आत तेच चाललं होतं. फरक एवढाच की इस्त्री व्हिनेगर घालून साफ करता येते.

“तपासणी करून कागदावर लिहून द्या मग,” नणंद म्हणाली.

“तुकडा काढून तपासता येतं. पण जिथून काढू ती जखमही भरणार नाही, उलट वाढेल. मी तो धोका घेणार नाही.”

“आणि ह्या जखमा?” नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

डॉक्टरबाईंनी एक इंजेक्शन सुरू केल्याचं सांगितलं. आशा फार धरू नका, म्हणाल्या. हे सहसा भरून येत नाही, त्यात जंतू शिरतात आणि माणूस त्यातच जातो.

“आईला हे सांगू नका,” नवरा म्हणाला.

“मी होऊन सांगणार नाही. त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.”

“ती नाही विचारायची,” नवरा म्हणाला, आणि ते खरं होतं. म्हातारीने डॉक्टरला आपल्या दुखण्याबद्दल आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता.

*

म्हातारीला गल्लीत सगळे फौजदार म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. इस्त्रीचं टेबल मुळात तिचं. तिचा नवरा वारल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीत ते मांडलं, कोळशाच्या इस्त्रीवर दोन पोरं वाढवली आणि सून आल्यावर सुनेच्या हातात इस्त्री देऊन स्वतः खुर्चीत बसून तोंड चालवायचं काम घेतलं. कॉलर आधी, मग खांदा, मग बाही. सुरकुती दिसली की गाठोडं पुन्हा टेबलावर. “तुझ्या आईने हात दिलेत की पाय?” हे तर रोजचंच.

पहिल्याच वर्षी टेबलापलीकडचा शर्ट ओढताना सुनेचा हात इस्त्रीवर टेकला होता. कोपराच्या खाली, इस्त्रीच्या टोकासारखा तिकोनी चटका. ती रडायला लागली तेव्हा म्हातारीने आधी शर्ट उचलून उजेडात धरला, उलटसुलट पाहिला आणि मग सुनेकडे वळली.

“रडतेस काय. कातडं भरून येतं, कापड नाही भरत. आधी कापड बघायचं, मग हात.”

तेव्हापासून सून तिला पाण्यात पाहत होती आणि म्हातारी तिला. पण धंद्याचा तो धडा मात्र सुनेने गिरवला. हातावर चटक्यांच्या खुणा किती आहेत ते तिचं तिला ठाऊक नव्हतं. कापड मात्र तिच्या हातून एकही जळलं नाही. रेशीम आलं, लग्नाचे सूट आले, वकिलांचे काळे कोट आले. कोणाचं काही जळलं नाही. तिच्याजवळ दाखवायला दुसरं काही नव्हतं. शिक्षण नाही, रूप बेताचं, माहेर असून नसल्यासारखं. हे एक होतं, आणि त्याचा तिला माज होता. असू दे. माणसाला एखाद्या गोष्टीचा माज असावा.

त्या माजावरच नणंदेने पाय दिला. दवाखान्यातून परतल्यावर ती घरात बसली नाही, गल्लीभर फिरली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी समोरची शिक्षिका आली आणि आपलं गाठोडं तसंच उचलू लागली.

“अजून व्हायचेत ते,” सून म्हणाली.

“असू दे, घाई आहे जरा. घरीच फिरवीन हात.”

“बाई, काय ऐकलंत ते तोंडावर विचारा.”

शिक्षिकेने गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. “मला कशाला मध्ये घेता? तुमच्या घरातलं तुम्ही बघा. पण सासू कशीही असली तरी म्हातारं माणूस आहे हो.”

ती गेली. सुनेने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि आत जाऊन नवऱ्यापुढे उभी राहिली. तो जेवत होता.

“तुम्ही घरात होतात. टॉवेल तुम्ही आणून दिलेत मला. दोन होते की एक?”

“दोन.”

“मग बहिणीला का सांगत नाही?”

“आईच म्हणतेय एक होता. आता ह्या अवस्थेत तिला खोटं पाडू?”

“मला पाडा मग. मी काय, परक्याची.”

“तसं नाही गं.”

“कसं आहे मग?”

त्याने पाण्याचा पेला उचलला. कसं आहे ते त्याला लग्नाच्या दिवसापासून सांगता आलं नव्हतं. ती परत टेबलाशी गेली आणि एका निष्पाप पँटला तिने अशी काही इस्त्री केली की घडीवर बोट कापलं असतं.

चीड कशाची होती, तर म्हातारीची. नणंद उपऱ्यासारखी येते, तिला काय कळतंय. पण म्हातारीला माहीत होतं. पिशवी घेताना तिने स्वतः हात लावून पाहिला होता आणि “कोमट आणलीस, जरा गरम आणली असतीस तर काय हात झडले असते?” असं म्हणाली होती. आणि तीच आता डोळे मिटून म्हणते, एकच टॉवेल. डायलिसिसला कोणी नेलं? रिक्षात कोणाच्या खांद्यावर मान टाकून झोपायची? हाताला मशीनची सुई टोचताना शिव्या कोणाला द्यायची? करून करून भागली आणि शेवटी हे कपाळी.

सुनेने ठरवून टाकलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ना, विचारलं तर खरं सांगेन. मग विचारायचं. म्हातारीसमोर, नणंदेसमोर, सगळ्यांसमोर. कळू दे तिला, आपल्याला काय झालंय ते. मरायची वेळ आली आणि अजून सुनेला फासावर द्यायला निघालीय. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हेच.

*

सकाळी ती दवाखान्यात पोचली तेव्हा ड्रेसिंगची वेळ झाली होती. डॉक्टरबाईंना तिने पॅसेजमध्येच गाठलं. “आज आईंसमोर विचारणार आहे मी. तुम्ही सांगाल ना?” डॉक्टरबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “त्यांची इच्छा असेल तर सांगेन. ड्रेसिंग होऊ दे, मी येते.”

नणंद बाहेर बाकावरच थांबली. कालपासून ती आत येत नव्हती. वास सहन होत नाही, म्हणाली. मायेलाही नाक असतं वाटतं, असं सुनेच्या जिभेवर आलं होतं. आज नंतर पुष्कळ बोलायचं आहे म्हणून तिने ते गिळलं.

नर्सने दुखणं कमी करायचं औषध दिलं आणि ते लागू पडेपर्यंत दुसऱ्या पलंगाकडे गेली. खोलीत दोघीच राहिल्या. म्हातारी निम्मी झाली होती. गाऊन अंगावर लोंबत होता, पण जीभ शाबूत होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.

“उशीर केलास.”

“गाठोडी होती.”

“शिक्षिकेची?”

“ती घेऊन गेली परत. तुमच्या लेकीची कृपा. आणि तुमची.”

 सून पलंगाच्या कडेला आली, गुडघे धरायला वाकली, तसा म्हातारीने तिचा हात धरला. सुनेला वाटलं, कळ आली असेल. पण म्हातारी हात जवळ ओढत होती, उजेडाकडे वळवत होती, जसा एखादा शर्ट वळवावा. मग तिचा अंगठा कोपराखाली आला आणि त्या जुन्या तिकोनी खुणेवर थांबला. खूण पांढुरकी झाली होती. म्हातारी तिच्यावरून अंगठा फिरवत राहिली. पुढे, मागे.

“ह्याला किती दिवस लागले होते गं?”

“कशाला?”

“भरायला.”

“आठवत नाही. महिनाभर असेल.”

“काळं झालं होतं?”

सून त्या खुणेकडे पाहत राहिली.

“झालं असेल,” म्हातारी म्हणाली. “भाजलं की आधी काळं पडतं. मग खपली जाते. खालून लाल येतं. मग भरतं. तुझं भरलंच की. नीट भरलं. हात वापरतेस रोज.”

तिने मान वळवून सुनेकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या डोळ्यांत सुनेने राग पाहिला होता, तुच्छता पाहिली होती, झोप पाहिली होती. भीती कधी पाहिली नव्हती. फौजदार घाबरली होती. पार आतून घाबरली होती. तिच्या हातात जगातली एकच गोष्ट उरली होती, की हे भाजलंय, आणि भाजलेलं कातडं भरून येतं.

सुनेच्या सगळं लक्षात आलं आणि तिला भयंकर राग आला. दया नाही आली, रागच आला. अशी कशी ही बाई? जगायला आधार हवा, तर तो माझ्याच मानेवर पाय देऊन घेणार. आणि आता ती मान काढून घेतली तर ही सरळ खाली पडणार. आयुष्यभर हिने माझ्याकडे जे मागितलं ते हक्काने मागितलं, एकदाही “दे गं” म्हटलं नाही, आणि आजही म्हणत नव्हती. नुसता अंगठा फिरवत होती.

दार उघडलं. डॉक्टरबाई आल्या, त्यांच्या मागून रुमाल लावलेली नणंद.

“तुम्हाला काही विचारायचं होतं ना?” डॉक्टरबाई सुनेला म्हणाल्या.

नणंद ताठ झाली. म्हातारीचा अंगठा थांबला. हात मात्र तिने सोडला नाही. तिची पकड किती घट्ट आहे ते फक्त सुनेला कळत होतं.

“काही नाही,” सून म्हणाली. “एवढंच सांगायचं होतं, की माझ्या हातून भाजलंय. एकच टॉवेल होता. पाणी उकळतं होतं. मी बघितलं नाही.”

नणंदेच्या हातातला रुमाल खाली आला. “बघा,” ती म्हणाली. “बघा, कबूल झाली.”

डॉक्टरबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग पलंगाजवळ येऊन त्यांनी म्हातारीला विचारलं, “आजी, तुमच्या जखमांबद्दल तुम्हाला माझ्याकडून काही जाणून घ्यायचंय का?”

“मला काय विचारायचंय?” म्हातारी म्हणाली. “हिने भाजलं. भरेल.” आणि सुनेकडे न पाहता पुढे म्हणाली, “टॉवेल नीट गुंडाळायचा असतो. आळशी.”

“हो,” सून म्हणाली. “पाय सैल सोडा आता.”

नर्स आली. सुनेने दोन्ही गुडघे धरले. म्हातारीने नेहमीसारख्या शिव्या सुरू केल्या, आज जरा जास्तच दमदार. पॅसेजमध्ये डॉक्टरबाईंनी नणंदेला पुन्हा एकदा सगळं समजावलं. रक्तवाहिन्या, कॅल्शियम, सगळं. नणंद म्हणाली, “डॉक्टर, ती स्वतः कबूल झाली. तुम्ही कशाला तिची बाजू घेता?” ह्यावर शहाण्या माणसाने काय बोलावं?

सून हात धुऊन बाहेर आली तेव्हा डॉक्टरबाई एकट्याच उभ्या होत्या.

“तुम्ही हे का केलंत?”

“तुमच्याजवळ भरायचं औषध आहे?”

“नाही.”

“मग राहू द्या,” ती म्हणाली आणि गाठोडी वाट पाहताहेत म्हणून निघाली.

*

त्यानंतर म्हातारी रोज विचारायची, खपली सुटली का. सून म्हणायची, कडेने सुटतेय. लाल दिसतंय का? दिसतंय थोडं. तिने घरून भाजल्यावर लावायचं मलम आणलं. काळ्यावर लावायला नर्सने परवानगी दिली नाही, म्हणून ती ते गुडघ्याच्या खाली चांगल्या कातड्यावर चोळायची. म्हातारीला मलमाचा वास आला की बरं वाटायचं. आणि हे करताना सुनेच्या मनात माया दाटून येत होती, असं कोणी समजू नये. ती मनातल्या मनात शिव्याच देत होती. पण मलम चोळत होती.

शेवटी ताप चढला आणि उतरेना. त्या दुपारी नवरा औषध आणायला खाली गेला होता आणि नणंद फोनवर बोलत बाहेर फिरत होती. म्हातारी ग्लानीत होती. एकदम तिने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, आणि कोणा गिऱ्हाइकाशी बोलावं तसं अगदी स्पष्ट म्हणाली, “बिनघोर ठेवा कपडे. आमच्या सुनेच्या हातून साधा रुमाल जळला नाही कधी.”

सून जागच्या जागी उभी राहिली. मग तिने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. शेजारच्या पलंगावरची बाई झोपली होती.

“पुन्हा म्हणा,” ती वाकून म्हणाली. “आई, तेच पुन्हा म्हणा. ताईंना बोलावते मी.”

म्हातारी पुन्हा काही बोलली नाही. संध्याकाळी ती गेली.

नणंद आईचे कपडे न्यायला आली तेव्हा सुनेने ते धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून ठेवले होते. नणंदेने ते पिशवीत भरले. “कबूल झालीस म्हणून मी पोलिसांत गेले नाही,” ती म्हणाली. नवरा खाली पाहत होता. सून म्हणाली, “घड्या मोडू नका, वरचे कपडे वर ठेवा.”

गिऱ्हाइकं हळूहळू परतली, सगळी नाही. शिक्षिका तर आलीच नाही. एक दिवस गल्लीत नव्याने राहायला आलेली एक बाई शर्ट घेऊन आली. निळा, साधा, सुती शर्ट. तो टेबलावर ठेवून तिने हात मात्र त्याच्यावरच ठेवला.

“नवऱ्याचा आवडता आहे,” ती म्हणाली. “जळणार तर नाही ना?”

त्या टेबलाशी आजवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सुनेने बाईकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे.

“नाही जळणार,” ती म्हणाली.

बाईने हात काढला, पण ती गेली नाही, बघत तिथेच उभी राहिली. सुनेने शर्ट पसरला, बोट ओलं करून इस्त्रीला लावलं, चर्र झालं, आणि तिने कॉलरपासून सुरुवात केली.